सुकलालआप्पांनी नापास केलेले समुद्र

सुकलालआप्पा आमच्याकडे चहाला आले की ट्रेमधला त्यांच्या समोरचा कप कधीच घेत नाहीत. ट्रेकडे एकदा नीट बघतात, मग हात लांब करून पलीकडचा, म्हणजे माझ्यासमोरचा कप उचलतात. आणि मी पहिला घोट घेतल्याशिवाय स्वतःचा कप तोंडाला लावत नाहीत. एकदा माझ्या बायकोने चिडून ट्रेमध्ये एकच कप आणला. आप्पांनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एकच कसाले?"

कसाले म्हणजे कशासाठी. आप्पा अहिराणी बोलतात. धुळ्याकडचं गाव सोडून सुरतेला आले त्याला इतकी वर्षं झाली की गावातली अहिराणी बदलली, आप्पांची तशीच राहिली. गरजेपुरती हिंदी त्यांना येते, गुजराती चांगली समजते, पण संशय मात्र ते अहिराणीतच घेतात. "यामा काहीतरी शे." यात काहीतरी आहे. दुधाची पिशवी जास्त गार लागली तरी यामा काहीतरी शे, कमी गार लागली तरी शेच. रिक्षावाला पहिल्याच बोलण्यात कबूल झाला की आप्पा ती रिक्षा सोडून दुसरी बघतात. डॉक्टरने "काही झालेलं नाही" म्हटलं, तर डॉक्टर बदलतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत. पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या गेटवर आप्पांनी सिक्युरिटीत उभी हयात काढली, आणि ती खरोखरच उभ्याने काढली. सुटणाऱ्या प्रत्येक कामगाराचा डबा उघडून बघायचा, पिशवी उलटी करायची, पोटावर साडी गुंडाळून कोणी नेत असेल तर त्याला चालीवरून ओळखायचं. निवृत्त झाल्यावर त्यांचं गेट सुटलं, पण नजर सुटली नाही. आमच्या सोसायटीतल्या पोट सुटलेल्या माणसांना याचा फार त्रास होतो. माझ्या पोटाकडे ते अजूनही खात्री नसल्यासारखं बघतात.

तर अशा आप्पांच्या एकुलत्या एका मुलीने, पूनमने, समुद्रकाठी लग्न करायचं ठरवलं.

माझं सुरतेतच, डिंडोलीत, तिकीट बुकिंगचं दुकान आहे. लग्नसराईत नंदुरबारकडे, भुसावळकडे जाणाऱ्या आमच्या लोकांची तिकिटं काढून देणं हा माझा धंदा. सगळं लग्नच उचलून तिसऱ्या गावी न्यायचं असतं आणि त्याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात, हे मला पूनमनेच शिकवलं. मुलगा बारडोलीच्या देवऱ्यांचा, अक्षय. तोही आपल्याकडचाच, बंगलोरला नोकरीला. लग्नानंतर पूनमही तिकडेच जाणार होती. दोघांना थाटमाट नको होता. समुद्र, नारळाची झाडं, छोटंसं गाव, घरची आणि जवळची माणसं, बस्स.

बातमी कळली त्या दुपारी आप्पा माझ्या दुकानात आले. खुर्ची हलवून पाहिली, मग बसले.

"दिनूभाऊ, लग्न गावात होतं, नाहीतर हॉलमध्ये होतं. समुद्रावर कसाले?"

"आप्पा, हल्लीच्या मुलांना हौस असते."

"हौस नाही. मिलमधून चोरीचा माल बाहेर गेला की तोपण रस्त्यापासून लांबच नेऊन उघडायचे. माणसं कमी बोलवायची, जागा लांबची धरायची. यामा काहीतरी शे. ते देवरे फार गोड बोलतात."

"ते साखर कारखान्यात होते, आप्पा."

"तेच म्हणतो मी," आप्पा म्हणाले.

शेवटी त्यांनी एक अट घातली. जागा ते स्वतः जाऊन बघणार. मोबाइलवर फोटो बघून आपण वांगीसुद्धा घेत नाही, मग मुलीचं लग्न कसं लावणार? पूनम म्हणाली, "मग मी पण येते." आप्पांच्या बायकोला, कमलकाकूंना, रिक्षाने जवळच्या उधन्यापर्यंत गेलं तरी मळमळतं. त्यामुळे बुकिंग करणारा मी, नवरी मुलगी पूनम आणि तपासनीस आप्पा, अशी तिघांची तुकडी निघाली.

पहिल्यांदा गेलो दमणला, माझ्याच गाडीने. तिथल्या मॅनेजरने चकचकीत माहितीपत्रक दिलं. आप्पा ते हातात धरून थेट किनाऱ्यावर गेले. एकदा फोटोकडे, एकदा समुद्राकडे.

"हा फोटोतला निळा आहे. तो समोरचा चहासारखा दिसतो."

"सर, फोटो सकाळी काढलाय," मॅनेजर म्हणाला.

"सकाळी कोण रंग टाकतो त्यात?"

डाइंग मिलमधल्या माणसाला रंगाबद्दल काय समजावणार? मॅनेजर आम्हाला जेवायला घेऊन गेला. जेवून परत येतो तर ओहोटी लागलेली. समुद्र पार लांब गेला होता आणि समोर नुसते काळे खडक आणि चिखल.

"इथं होता तो कुठं गेला?" आप्पांनी विचारलं.

"संध्याकाळी येतो परत."

"आणि फेरे चालू असताना गेला तर?"

शिवाय आप्पांचा मुख्य आक्षेप वेगळाच होता. दारूबंदीच्या गुजरातेतला माणूस दमणला कशासाठी जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. "पत्रिकेवर दमण छापा," ते म्हणाले, "न बोलावलेलेसुद्धा येतील. आणि अक्षता टाकायला एकाचाही हात मोकळा राहणार नाही."

परत येताना हद्दीवर पोलिसांनी गाडी थांबवली. हवालदाराने डिकीत वरवर पाहिलं आणि जायला सांगितलं. आप्पांना ते सहन झालं नाही. खाली उतरून म्हणाले, "ऐसा नहीं देखते, साहब. स्टेपनी के नीचे देखो. सीट उठाके देखो." हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. ज्या गाडीतला माणूस स्वतःहून सीट उचलायला सांगतो, त्या गाडीत नक्की काहीतरी असणार, असा त्यालाही संशय आला. त्यानंतर गाडीतली पायपुसणीसुद्धा रस्त्यावर काढून झटकली गेली. पूनम हसून हसून रस्त्याच्या कडेला बसली. आप्पा मात्र हवालदाराच्या पाठीमागे हात बांधून उभे होते. निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

मग दीव. तिथंही दमणसारखीच सोय असली तरी गाव इतकं लांब आहे की नुसत्या त्या कामासाठी माणूस जाणार नाही, असं मी आप्पांना पटवलं. दीवला एक निराळंच झाड दिसतं. असतं ताडामाडासारखं उंच, पण खोडाला मध्येच फांद्या फुटलेल्या. आप्पा झाडाभोवती फिरले. जिथे फांदी फुटते तिथे हात पुरत नव्हता, म्हणून माळ्याची शिडी मागितली.

"दादा, हे असंच उगवतं," माळी हिंदीतून सांगत होता.

"एका माडाला दोन डोकी?" आप्पा शिडीवरून म्हणाले. "यामा काहीतरी शे. जोड कुठं आहे तेवढं दाखव."

जोड सापडला नाही. त्या संध्याकाळी मी मॅनेजरशी जेवणाचं बोलून बाहेर आलो तर दोघं बापलेक कुठे दिसेनात. शोधत किनाऱ्यावर गेलो. आप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. लाट आली की पूनमचा दंड पकडायचे, लाट गेली की सोडायचे. पूनम त्यांना अजून पुढे ओढत होती आणि ते "नको, नको" म्हणत पुढे जात होते.

"आप्पा, काय चाललंय?" मी हाक मारली.

ते दचकले. "वाळू तपासतोय. मांडव टिकेल का बघायला नको?"

"मांडव पाण्यात घालणार आहात?"

त्यांनी पँट आणखी एक घडी वर दुमडली. पूनमने तोंड फिरवून घेतलं.

पूनमला दीव फार आवडलं. स्वच्छ पाणी, शांत गाव, मॅनेजर मोजकं बोलणारा. मला वाटलं, झालं काम. सकाळी आप्पांनी निकाल दिला, "नाही जमायचं. वारं फार आहे. अंतरपाट उडून जाईल आणि नवरानवरी मुहूर्ताच्या आधीच एकमेकांना बघून घेतील."

"ते दोन वर्षं एकमेकांना बघताहेत, आप्पा."

"ते वेगळं," आप्पा म्हणाले. "आखो एक जागा पाही लेवूत."

आणखी एक जागा बघून घेऊ. म्हणून मग गोवा. तिथे मॅनेजरने आम्हाला होडीतून डॉल्फिन दाखवायला पाठवलं. पाण्यातून काळी पाठ वर आली, बुडाली, पुन्हा दुसरीकडे वर आली. होडीतले सगळे ओरडत होते. आप्पा शांत होते. काठावर उतरल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "एकच होता. तोच फिरवून फिरवून दाखवत होते."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या रिसॉर्टच्या आवारात नारळाची एक रांग होती आणि आप्पा सवयीने एकेका खोडावर टिचकी मारत चालले होते. शेवटच्या झाडावर टिचकी मारली आणि टण्ण आवाज आला. आप्पा थांबले. पुन्हा मारली. टण्ण. मॅनेजर खाली बघायला लागला. तो मोबाइलचा टॉवर होता. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून त्याला नारळाचं सोंग दिलं होतं, वर प्लास्टिकच्या झावळ्या लावून.

आयुष्यात आप्पांनी हजारो संशय घेतले असतील. त्यातला एक असा डोळ्यांदेखत खरा झाला, त्यामुळे आता त्यांना आवरणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. गाडीत बसताना ते जाहीरच करून मोकळे झाले, "केरळमध्ये पण समुद्र असतो ना? तो पाहून मग ठरवू."

इथे मात्र मला आप्पांचाच संशय यायला लागला. दमण ठीक, गोवाही ठीक. पण दीवमध्ये नाव ठेवायला जागाच नव्हती. या माणसाला हे लग्न होऊ द्यायचंय की नाही?

हा संशय एकट्या मलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात बारडोलीचे देवरे माझ्या दुकानात येऊन बसले. जाडजूड, गोरेपान, शांत गृहस्थ. आधी माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, पाणी प्यायले, मग खाली बघत म्हणाले, "भाऊ, तुम्ही त्यांच्याबरोबर हिंडता. खरं सांगा, पाव्हण्यांच्या मनात काय आहे?"

"म्हणजे?"

"तीन गावं बघून झाली. प्रत्येक वेळी नकार. आता केरळ म्हणतात. आमच्या घरी सगळ्यांना वाटतंय, त्यांना आमच्याबद्दल काहीतरी कळलंय आणि तोंडावर सांगायचं नाही म्हणून जागेचं निमित्त काढताहेत. माझी बायको तर म्हणते, मुलीच्याच मनात नसेल. तिला झोप लागत नाही, भाऊ." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "यात काहीतरी आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. हसायचा प्रसंग नव्हता. अशा गोष्टी दोन घरांत एकदा शिरल्या की ठरलेली लग्नं मोडतात. मी म्हणालो, "रविवारी चला. समोरासमोर विचारा."

रविवारी सकाळी आप्पांच्या पुढच्या खोलीत देवरे, मी आणि आप्पा बसलो. कमलकाकूंनी चहा ठेवला. आज आप्पांनी कुठलाच कप उचलला नाही. पूनम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

देवऱ्यांनी आडपडदा ठेवला नाही. "आप्पासाहेब, आमच्या मुलात, आमच्या घरात काही खोट दिसली असेल तर तोंडावर सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही. पण असं झुलवत ठेवू नका."

आप्पांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर दुसऱ्यांना डबा उघडायला लावलेल्या माणसाला आज कोणीतरी डबा उघडायला सांगितला होता. ते टॉवेलने मान पुसत राहिले.

"खोट नाही," ते म्हणाले. व्याह्यांसमोर ते जपून, पुस्तकी मराठी बोलायचे. "आपण चांगले लोक आहात. मुलगा चांगला आहे. दीवसुद्धा चांगलं होतं."

"मग नाकारलंत का?"

कमलकाकू हळूच म्हणाल्या, "सांगा ना आता."

"पूनम शाळेत होती," आप्पा म्हणाले आणि थांबले. मग परत सुरुवात केली. "शाळेत होती तेव्हा तिच्या वर्गातली पोरं रविवारी डुमसला जात. समुद्र बघायला. सोमवारी येऊन सांगत, उंटावर बसलो, भजी खाल्ली. ही मला म्हणायची, आप्पा, आपण कधी जायचं? मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. मिलच्या गेटला रविवार नसतो. सुट्टी मिळायची त्या दिवशी मी झोपून काढायचो. ती विचारत राहिली, मी पुढचा रविवार सांगत राहिलो. मग एक दिवस तिनं विचारणं सोडलं. ते कधी सोडलं, हेपण माझ्या ध्यानात आलं नाही."

देवऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"ह्या लग्नाच्या निमित्तानं ती माझ्याबरोबर हिंडली. दमणला माझ्याशेजारी बसून जेवली. दीवला मला हात धरून पाण्यात घेऊन गेली. मला पाण्याची भीती वाटते, पण मी गेलो." आता त्यांची पुस्तकी मराठी सुटत चालली होती. "जागा पक्की झाली की हिंडणं संपलं. मग लग्न, मग बंगलोर. म्हणून माले वाटनं, आखो एक पाहू. मंग आखो एक. दुसरं काही नव्हतं. तुमच्या घरी झोप उडाली, ती माझ्यामुळं."

एवढं बोलून त्यांनी देवऱ्यांपुढे हात जोडले. देवऱ्यांनी ते हात धरून खाली घेतले.

बोलली ती पूनम. दारातूनच म्हणाली, "आप्पा, दीव मी तेव्हाच ठरवून टाकलंय."

आप्पांनी मान वर केली.

"तिथूनच अक्षयला फोन केला होता. त्याला म्हटलं, घरी इतक्यात सांगू नकोस. चुकलंच माझं, बाबांना कळवायला हवं होतं." हे देवऱ्यांसाठी होतं.

माझ्या नाकासमोर जागा ठरली होती आणि तिकीट बुकिंगवाल्याला पत्ता नव्हता.

"दीव ठरलं होतं," आप्पा सावकाश म्हणाले, "मंग तू गोव्याले कसाले उनी? का आलीस?"

"तुम्ही कसाले उनात?" पूनम म्हणाली.

आप्पांनी टॉवेल तोंडावर धरला. घाम पुसत होते म्हणा हवं तर. कमलकाकू उठून आत गेल्या आणि आत बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. देवऱ्यांनी गार झालेला चहा एका दमात संपवला आणि म्हणाले, "तारीख आहे तीच राहू द्या. लग्नाला अजून वेळ आहे. केरळ तेवढं राहिलंय, ते बघून या." मग माझ्याकडे वळले. "भाऊ, तिकिटं काढा."

लग्न थंडीत दीवला झालं. छान झालं, चारचौघांसारखंच झालं, म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला आठवते ती त्याच्या बरीच आधीची दुपार, सुरत स्टेशनवरची. केरळच्या गाडीची दोनच तिकिटं मी काढली होती. मला कोणी चला म्हटलं नाही आणि मीही विषय काढला नाही. कमलकाकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. त्या फलाटावर न येता रिक्षातच बसून राहिल्या, मळमळतं म्हणाल्या.

मी सामान आत ठेवलं. आप्पा आपल्या जागेवर टेकले होते, मांडीवर पिशवी घेऊन, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. मी गमतीने विचारलं, "आप्पा, तिकडे जाऊन काय काय तपासायचं?"

"काय तपासायचं आता?" ते म्हणाले. "पोरगी नेईल तिकडे जायचं."

मी खाली उतरलो. शिट्टी झाली, गाडी हलली. खिडकीतून त्यांना निरोप द्यायला मी हात वर केला, पण पूनम त्यांना पलीकडच्या खिडकीतून काहीतरी दाखवत होती आणि आप्पा तिच्या खांद्यावरून वाकून ते बघत होते.